फट म्हणता

इंजिनाच्या तळाचं ऑईल चेंबर खाली घेतलं तेव्हा आतून जेमतेम पेलाभर ऑईल निघालं. काळं नव्हतं, राखाडी होतं, आणि टॉर्च धरला की चमचमत होतं. मी बोट बुडवून अंगठ्यावर घासलं. कण असे हाताला लागेनात, नुसता चंदेरी रंग बोटांच्या रेषांत बसला.

"काय आहे हे?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"बेअरिंग," काका म्हणाले. "पातळ झालंय."

काका म्हणजे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, घासून देणाऱ्या मशीनवर ज्यांची हयात गेली असे गृहस्थ. नात्यागोत्याचे नाहीत. त्यांनी मला इंजिन बांधायला मदत केली असं म्हणणं तितकंसं बरोबर होणार नाही. इंजिन मी बांधलं आणि त्यांनी ते मला पुन्हा पुन्हा खोलायला लावलं, हे जास्त खरं.

घडलं होतं ते असं. ऑईल मीच बदललं होतं. जुना फिल्टर फिरवून काढला, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने तेल फासलं, हाताने आवळला. सगळं मॅन्युअलमध्ये लिहिल्याबरहुकूम. एकच गोष्ट पाहिली नाही. जुन्या फिल्टरची रबरी रिंग फिल्टरबरोबर निघाली का? ती निघालीच नव्हती. इंजिनाच्या तोंडाला चिकटून बसली होती, मळून मळून ब्लॉकच्याच रंगाची झालेली. तिच्यावर मी नवी रिंग आवळली. रबरावर रबर. इंजिन सुरू करून खाली वाकून पाहिलं, थेंबसुद्धा नव्हता. दोन दिवस थेंब आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार, ऑईल घट्ट, दाब नेहमीपेक्षा जास्त, आणि दोनातली एक रिंग एका अंगाने बाहेर सरकली. पंपाची काहीच चूक नव्हती. तो चेंबरमधलं साडेतीन लिटर ऑईल इमानेइतबारे उपसून रस्त्यावर ओतत होता.

फट म्हणता ब्रह्महत्या, असं आपण म्हणतो. त्या म्हणीतलं 'फट' निराळं आहे हे मला ठाऊक आहे, पण माझ्यापुरती ती म्हण अक्षरशः खरी झाली.

वळणावर लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या झारीचं चित्र, टोकाशी एक थेंब. रस्ता सरळ झाला तसा विझला. मी काय केलं? काचेवर टिचकी मारली. वायर सैल असेल म्हटलं. पुढच्या वळणावर तो पुन्हा लागला आणि मग लागूनच राहिला. मुक्काम ६ किलोमीटरवर होता. एवढ्यासाठी कशाला थांबायचं? मी कानाडोळा केला. नंतर कधीतरी रात्री झोप येईना तेव्हा हिशेब मांडला. ताशी ६० च्या वेगाने ६ किलोमीटर म्हणजे ६ मिनिटं, मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर १५,००० फेरे. एवढे फेरे क्रँकने कोरडे मारावेत अशी माझी अपेक्षा होती. त्याने तेवढेही मारले नाहीत.

या दिव्याबद्दल माझ्यासारखाच गैरसमज पुष्कळांचा असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. हा दिवा ऑईल किती उरलंय ते सांगत नाही. ते त्याला कळतच नाही. त्याला फक्त दाब कळतो, आणि तोही अगदी शेवटचा. रस्त्यावर धावणाऱ्या धडधाकट इंजिनात दोन-तीन बार तरी दाब असतो, दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो. मधल्या सगळ्या घसरणीत तो गप्प असतो. वळणावर लुकलुकण्याचं कारणही साधं आहे. चेंबरात ऑईल कमी झालं की वळताना उरलंसुरलं एका बाजूला कलतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. शेजारच्या पेट्रोलच्या दिव्यामुळे आपली फसगत होते. पेट्रोलचा दिवा म्हणतो, बाबा रे, संपत आलंय. हा म्हणतो, संपलं. त्याला इशारा समजणं चूक, तो पंचनामा आहे.

आधी वरून, हेडमधून, शिलाई मशीनसारखी टिकटिक सुरू झाली. मग खालून खटखट. मग गाडी कुणीतरी मागून ओढतंय अशी जड झाली आणि इंजिन थांबलं. चावी फिरवली तर नुसतं 'कट्'. जाम.

अर्ध्या तासाने ते सुटलं. ही वेळ सगळ्यात धोक्याची, कारण माणसाला वाटतं, चला, वाचलं. ऑईल आणून भरावं, स्टार्टर मारावा, हळूहळू घरी जावं. सुटतं का, ते आता मला माहीत आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा, आणि उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. ७५ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी जास्त तापला तर ०.१७ मिलिमीटरने वाढतो. भोवतीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, त्याच्या निम्म्यानेच वाढतो. दोघांमध्ये मुळात जागा असते ०.०४ च्या आसपास. म्हणजे पिस्टन अडकणारच, आणि गार झाला की सुटणारच. सुटला याचा अर्थ बरा झाला असा नाही. मी गाडी टोचन करून आणली. इतक्या चुकांत तेवढं एक शहाणपण.

आता मुद्द्याचं. तोवर माझी समजूत अशी होती की इंजिनात लोखंडावर लोखंड घासतं आणि ऑईल ते घासणं जरा मऊ करतं, करकरणाऱ्या बिजागरीत दोन थेंब सोडावेत तसं. वंगण म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात चांगल्या चालत्या इंजिनात क्रँक आणि त्याचं बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत. क्रँक तेलावर तरंगतो. पंपाच्या दाबाने तरंगतो असंही नाही, पंप फक्त तेल पोचवतो. उचलण्याचं काम क्रँक स्वतःच्या फिरण्याने करतो. फिरताना तो तेलाला निमुळत्या जागेत ओढून घेतो, आणि तिथे कोंडलेलं तेल त्याला वर उचलून धरतं. मुसळधार पावसात भरधाव गाडीचा टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो, तशातलाच प्रकार. टायरच्या बाबतीत ते संकट, इंजिनाच्या बाबतीत तोच जीव.

हे कळलं कसं, याची गोष्ट मला फार आवडते. १८८३ च्या सुमाराला बीचम टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या डब्यांच्या आसांसाठी बेअरिंगच्या चाचण्या घेत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. मशीन फिरवलं तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्याने भोकात बूच मारलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्मा होता. भोकापाशी पंप नव्हता, काही नव्हतं. फिरणारा आस तो दाब आपला आपण तयार करत होता. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. मला मात्र गणितापेक्षा ते बूच आठवतं. तेल असं बूच उडवत असताना टॉवरच्या चेहऱ्यावर काय भाव असतील!

तर हे सगळं ज्या जागेत घडतं ती जागा आहे साधारण चार शतांश मिलिमीटर. केसाच्या निम्मी जाडी म्हणा. मशीनवरची माणसं तिला 'प्ले' म्हणतात. जास्त झाला तर तेल वाहून जातं आणि दाब पडतो. कमी झाला तर तेल शिरत नाही. माझ्या इंजिनात जिथे फट नको होती तिथे पडली, म्हणून जिथे हवी होती तिथे ती मिटली. पुढचे दोन महिने मी जे काही केलं ते सगळं त्या दुसऱ्या फटीसाठी. बेअरिंग विकत मिळतं, पिस्टन मिळतो, पॅकिंगचा सेट मिळतो. फटीला पार्ट नंबर नसतो. ती आपली आपण तयार करावी लागते.

इंजिन खोलताना काकांनी एक अट घातली होती. कशालाही कपडा लावायचा नाही. "आधी वाच, मग पूस."

आणि खरंच ते वाचता येत होतं. माझ्या इंजिनात पंप पुढच्या टोकाला, क्रँकच्या नाकावर. तिथून तेल ब्लॉकमधल्या नळीने मागे जातं. एक नंबरच्या बेअरिंगवर नुसत्या रेषा होत्या. दोनवर जरा खोल. तीनवरचं मऊ धातूचं अस्तर उडून खालची तांब्याची झाक दिसत होती. चार नंबरचं बेअरिंग बेअरिंग म्हणून उरलंच नव्हतं. बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या असतात, त्यांना शेल म्हणतात. दोन्ही शेल क्रँकला चिकटून त्याच्याबरोबर फिरले होते, त्यांची अडकवायची जिभली तुटली होती, आणि फिरता फिरता एक शेल दुसऱ्यावर चढून पत्र्यासारखा लाटला गेला होता. फिरलेल्या शेलने स्वतःचंच तेलाचं भोक झाकून टाकलं होतं. म्हणजे शेवटी कुठून थोडं तेल आलं असतं तरी ते चार नंबरला मिळालं नसतं. तिथे क्रँक निळा पडला होता. पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं की असा निळा रंग धरतं. बेअरिंगच्या अस्तरात कथील असतं, आणि कथील २३२ अंशांनाच वितळतं. चेंबरातली चमक कुठून आली ते कळलं.

पंपापासून जो जितका लांब तितका त्याने जास्त सोसलं. वर हेडमध्येही तेच. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला तेल सगळ्यात शेवटी पोचतं, आणि या हेडमध्ये कॅमला वेगळी बेअरिंगं नाहीत, तो थेट ॲल्युमिनियमच्या खोबणीत फिरतो. मागच्या दोन खोबणींत नख अडकेल एवढ्या चरा. खोबणींवरच्या टोप्या तेवढ्या बदलू म्हटलं, तर काका हसले. टोप्या आणि हेड एकत्र बसवूनच ते भोक कातलेलं असतं, एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. हेड गेलं. या हेडवरची ती टिकटिक मी ऐकली होती, रेडिओचा आवाज कमी करून ऐकली होती.

मशीनवरच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, ते माझं नाही. क्रँकला भेग नाही ना ते चुंबकीय तपासणीत पाहिलं, नव्हती. चार नंबरच्या जर्नलवरचे, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावरचे, ओरखडे पाव मिलिमीटरमध्ये निघेनात, म्हणून पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची चारही जर्नल अर्ध्या मिलिमीटरने घासली आणि तेवढी जाड बेअरिंगं आणली. चौथा रॉड टाकून दिला. त्याचं मोठं भोक अंडाकृती झालं होतं. दुसरा आणून तराजूवर बाकी तिघांशी जुळवला. सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे बोअर करून नवे ओव्हरसाइझ पिस्टन. होनिंग, म्हणजे शेवटची बारीक घासणी, झाल्यावर बोअरच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा पडतात, त्या बघत राहाव्यात अशा असतात. गुळगुळीत भिंतीवर तेल टिकत नाही. ते टिकावं म्हणून मुद्दाम ओरखडे काढायचे. आधी नकोशा ओरखड्यांसाठी रडायचं, मग हवेसे ओरखडे पाडून घ्यायचे.

माझ्या वाट्याला जे आलं ते धुणं. इंजिन बांधणं म्हणजे पाने, टॉर्क रेंच, ग्रीसचे हात, असं चित्र माझ्या मनात होतं. निम्म्याहून जास्त वेळ मी नुसता धूत होतो. ती चंदेरी धूळ पंपाने सगळीकडे नेऊन ठेवली होती. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांची बुचं काढून आतून लांब ब्रश फिरवायचा. क्रँकमध्ये मुख्य जर्नलपासून रॉडच्या जर्नलपर्यंत तिरपी भोकं असतात, त्यांतही ब्रश. मग हवा मारायची, मग पुन्हा ब्रश. ऑईल कूलर फेकूनच दिला, कारण त्याच्या आतल्या घड्यांमध्ये काय अडकलंय ते कोणाला दिसणार? बोअर गरम पाण्याने आणि साबणाने धुवायचे. पेट्रोलने नाही, पेट्रोल होनिंगची धूळ रेघांमध्ये तशीच सोडतं. मग पांढरं फडकं फिरवायचं. राखाडी आलं, पुन्हा धुवा. पुन्हा राखाडी, पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघालं की क्षणाचाही वेळ न घालवता तेल लावायचं, नाहीतर नागडं बीड डोळ्यांदेखत तांबूस पडायला लागतं. कितव्या फेरीला पांढरं निघालं ते मोजलं नाही. बैल गेला अन् झोपा केला, हे त्या वेळी मनात आलं नसेल असं समजू नका.

मग एकदाची ती फट मोजायचा दिवस आला. त्यासाठी प्लास्टिगेज म्हणून मेणासारख्या प्लास्टिकचा बारीक दोरा मिळतो. जर्नल कोरडं करायचं, दोऱ्याचा तुकडा त्यावर आडवा ठेवायचा, बेअरिंगसकट रॉडची टोपी बसवून पूर्ण टॉर्कने कसायची, क्रँक जरासुद्धा हलू द्यायचा नाही, आणि टोपी पुन्हा उघडायची. दोरा चेपून पट्टी झालेला असतो. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी त्याची रुंदी जुळवायची. पट्टी रुंद तर फट लहान, पट्टी अरुंद तर फट मोठी. काही नसलेल्या जागेचं माप घ्यायची ही युक्ती मला इतकी आवडली की गरज नसताना एक नंबर दोनदा मोजला. ०.०३८. चारही जागी ०.०३८, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी पट्टी. मी काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "तो दोरा काढून टाक नीट, नाहीतर तिथेच ठेवशील."

दोरा काढला. भलताच दोरा राहिला.

काकांचा नियम होता, प्रत्येक टोपी कसली की क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघायचा. पहिला पिस्टन घातला, फिरवला, लोण्यासारखा. दुसरा, थोडा जड, रिंगांच्या घर्षणाने व्हायचा तेवढा. तिसरा घातला आणि क्रँक एका जागी अडायला लागला. अडायचा, जोर लावला की सुटायचा, पुन्हा तिथेच अडायचा. मी म्हटलं, नवीन आहे, चालून चालून सैल होईल. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला काचेवर मारलेली टिचकी आठवली.

काकांना आठवायचं काही कारण नव्हतं, पण ते म्हणाले, "उघड."

उघडली. शेल बाहेर काढला. त्याच्या पोटावर एका जागी चमकदार ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पाठीमागे, रॉडच्या खोबणीत, फडक्याचा एक पांढरा धागा आडवा पडलेला. जे फडकं मी शुद्धतेचा पुरावा म्हणून मिरवत होतो, त्याचाच. पाठीमागून त्या धाग्याने शेलला फुगवटा दिला आणि पुढची फट तेवढ्या जागी मिटवली. मी चिमट्याने तो उचलला आणि फुंकर मारली. पुन्हा मोजलं, पुन्हा ०.०३८. पुन्हा तेल, पुन्हा टोपी, नवे बोल्ट. एकदा पूर्ण ताणून कसलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, त्यामुळे त्या एका धाग्यापायी दोन बोल्ट गेले. त्या दिवसानंतर मी फडकं सोडून धागे न सोडणारे कागदी रुमाल वापरायला लागलो, आणि तेही संशयाने.

सुरू करायच्या आधी स्पार्क प्लग काढून ठेवले, इंधन बंद केलं. प्लग नसले की सिलिंडरमध्ये दाब धरला जात नाही, बेअरिंगवर भार येत नाही, क्रँक मोकळा फिरतो. फिल्टर लावण्याआधी त्याचं तोंड पाहिलं, इंजिनाचं तोंड पाहिलं, आरसा धरून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. आधीच्या जुन्या फिल्टरची रिंग सापडली होती तिथे नख फिरवून पाहिलं. काका बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते आणि काही बोलत नव्हते.

मग चावी. लाल दिवा लागला. स्टार्टर मारला, इंजिन घुमायला लागलं, सुं सुं सुं. दिवा लागलेलाच. थांबलो, स्टार्टरला जरा निवू दिलं, पुन्हा मारला. लागलेलाच. घशाला कोरड पडते म्हणतात ती पडली. तिसऱ्या वेळी पाच-सहा सेकंद झाले असतील, दिवा मिणमिणला आणि विझला. मी स्टार्टर सोडला नाही, अजून जरा फिरवला, तो विझलेलाच राहिला. तेल वर कॅमपर्यंत पोचल्याचं तेल भरायच्या उघड्या तोंडातून दिसलं. चकचकीत, ओलं.

प्लग लावले. चावी मारली. लागलं.

पहिल्यांदा थोडा धूर, लावलेलं तेल जळत होतं त्याचा. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मुठीला कान लावला, मागून पुढे सरकत गेले, चार, तीन, दोन, एक. चारवर जास्त वेळ थांबले. मग मला खूण केली, बंद कर.

"ऑईल बघ," म्हणाले.

मी डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. त्यावर काहीच दिसेना. पोटात गोळा आला. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. तेल इतकं नवं, इतकं स्वच्छ, की पोलादावर त्याची रेघ उमटत नव्हती. काकांनी माझ्या हातातून ती घेतली, खिडकीशी नेली आणि उजेडाकडे तिरपी धरली. मग वरच्या खुणेपाशी एक फिकट ओली कड दिसली.